माझ्या लेकीची याडी

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला माझ्या आईकडे ठेवून मी नर्सिंग शिकायला नांदेडला गेले. एवढ्याशा लेकराला सोडून कशी गेलीस, असं आजही कुणीतरी विचारतं आणि मला धड उत्तर देता येत नाही. मायनं जा म्हटलं म्हणून गेले, एवढंच खरं आहे.

आईला मी माय म्हणायचे. माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढं. घरात माय आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील. मी त्यांची एकटीच लेक. दादा शेत बघायचे, सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, आणि बोलायचं काम सगळं मायवर सोडून द्यायचे. बारावी झाली तसं माझं लग्न झालं, जवळा बाजारजवळच्या एका गावात. नवरा संभाजीनगरला एका कंपनीत कामाला. तिथं चौघं कामगार मिळून एका खोलीत राहायचे, त्यामुळे मी सासरी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नर्सिंगचा फॉर्म मी लेकरू पोटात असताना हट्टानं भरला होता. यादीत नाव लागलं तेव्हा ते रांगायला लागलं होतं.

होस्टेलवर लेकरू चालत नाही म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. मायला कुणाकडून तरी कळलं. जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी ती सकाळीच दारात आली. हातात रिकामी पिशवी होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "लेकराचे कपडे भर हिच्यात. मी नेते. तू शिकाय जा."

"माय, ती अजून अंगावर पिते."

"पिते तर सुटंल. तू बी सुटली होती."

"आणि तुहं शाळेचं काम?"

"शाळेत शंभरावर लेकरं हायत. त्यात एक वाढलं तर काय शाळा पडती?"

नवऱ्याला फोन लावला. मायला तो आत्याबाई म्हणायचा. म्हणाला, आत्याबाई म्हणतात तसं कर. दुपारच्या जीपनं माय माझ्या लेकराला घेऊन गेली. मी पदर छातीशी धरून दारात उभी राहिले. दूध यायचं थांबायला मला पुढं दहा दिवस लागले.

मायचं शाळेचं काम म्हणजे खिचडी शिजवणं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार सुरू झाला तेव्हापासून ते काम तिच्याकडे होतं. सोबतीला शेजारच्या बंजारा तांड्यावरची एक बाई. दोघींची जोडी अशी, की एकीनं डाळ धुतली की दुसरीनं तांदूळ टाकलाच. तांड्यावरची मावशी बुटकी आणि शांत, तर माय उंच, दणकट आणि तोंडाची फटकळ. खिचडीला फोडणी पडली की वास चौथीच्या वर्गापर्यंत जायचा. मग लेकरांचं ध्यान उडालं म्हणून गुरुजी खिडकी लावून घ्यायचे.

सरकारकडून तांदूळ आणि डाळ यायची. कढीपत्ता, कोथिंबीर आणि कधी मूठभर शेंगदाणे माय घरून न्यायची. दादा एकदाच म्हणाले होते, "सगळा कढीपत्ता ओरबाडला झाडाचा." त्यावर माय म्हणाली, "झाड हाय ते. येतंय परत."

तिला वाचता येत नव्हतं, पण कोणतं लेकरू आज आलं नाही हे तिला हजेरीच्या आधी कळायचं. वाढताना ती ताटाकडं नाही, तोंडाकडं बघायची. एका पोरीनं सलग दोन दिवस तीन-तीनदा खिचडी मागितली. शाळा सुटल्यावर माय तिच्या मागोमाग तिच्या घरी गेली. पोरीची आई तापानं पडून होती आणि घरात चूल पेटलेली नव्हती. मायनं त्या बाईला सेनगावच्या दवाखान्यात नेऊन आणलं आणि ती उठेपर्यंत आठवडाभर तिच्या घरी भाकरी पोचवल्या. हे मला मायनं सांगितलं नाही. ती पोरगी आता लग्न होऊन हिंगोलीत असते, तिनं सांगितलं.

तर माझी लेक या शाळेत वाढली. स्वयंपाकाच्या शेडबाहेर कडुनिंबाचं झाड होतं. दादांनी त्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली. मोठ्या सरांनी पहिल्या दिवशी हरकत घेतली. म्हणाले, "बाई, तपासणीला साहेब येतात. इथं लेकरू ठेवता येणार नाही."

"मंग घरी ठिवते," माय म्हणाली. "आन् मी बी घरीच राहते तिच्यापाशी."

सरांनी झोळीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "चुलीपासून लांब ठेवा म्हणजे झालं." पुढं तेच सर मधल्या सुट्टीत झोळीला झोका द्यायचे.

मी महिन्या-दीड महिन्यानं यायचे. नांदेडहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, तिथून जीप. प्रत्येक वेळी लेकरू थोडं वेगळं झालेलं असायचं. एकदा दात आलेले. एकदा उभी राहिलेली. एकदा मला बघून मायच्या पदरात तोंड लपवलं तिनं. तेव्हा मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून. माय आली, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि त्या हातात लेकरू दिलं. "तिला वास वळखू दे तुहा. बस इथंच. उठू नको." लेकरू रडलं, मग दमलं, मग माझ्या खांद्यावर झोपलं. माय तेवढा वेळ आमच्याकडं पाठ करून भांडी घासत होती.

माझा एक फोटो तिनं देवळीत ठेवला होता. रोज सकाळी लेकराला त्याच्यापुढं नेऊन म्हणायची, "ही कोण? आई." त्यामुळे माझी लेक मला पहिल्यापासून आईच म्हणाली. आणि मायला म्हणायला लागली याडी.

हा शब्द आमच्या घरातला नाही. तांड्यावरच्या मावशीचा धाकटा मुलगा शाळेत होता. तो तिला याडी म्हणून हाक मारायचा. झोळीतून ऐकून ऐकून माझ्या लेकीनं तो उचलला आणि मायला चिकटवला. मला वाटलं, आजीला म्हणत असतील तांड्यावर. दुसऱ्या वर्षी होस्टेलमध्ये माझ्या खोलीत तांड्यावरचीच एक मुलगी आली. तिला मी कौतुकानं सांगितलं, तशी ती म्हणाली, "अगं, याडी म्हणजे आई."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या सुट्टीत घरी गेले आणि पाय धुवायच्या आधी विचारलं, "माय, तुला ठाऊक होतं का याडी म्हणजे काय?"

"ठाऊक हाय की. इतक्या सालापासून त्यायच्यात बसते-उठते."

"मग तिला तसं काहून म्हणू देते?"

माय भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "तिला काय कळतंय याडी कोण आन् आई कोण? तिच्या लेखी याडी म्हणजे मी, आई म्हणजे तू. तुहा शब्द तुलाच दिलाय तिनं. मी रोज फोटू दाखवून शिकवलाय." भाकरी उलटता उलटता ती हसली. "आन् लेकराला दोन आया असल्या तर काय तकलीफ हाय तुला?"

मीही हसले, पण मनातला काटा बराच काळ निघाला नाही, हे कबूल करते.

सगळ्यात मोठं भांडण आमचं तिसऱ्या वर्षी झालं. माझी शेवटची परीक्षा चालू होती. पेपर संपवून मी घरी आले तर लेकराच्या हातावर सलाईनचे डाग. विचारलं तर माय म्हणाली, मुंगी चावली. दादांकडं बघितलं तर ते गोठ्याकडं निघून गेले. मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सुईचा डाग मला कळणार नाही का? मी आवाज चढवला, तेव्हा मायनं सांगितलं.

आठ दिवसांपूर्वी शाळेतच लेकराला ताप भरला होता. बघता बघता डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. झटका आला होता. मायनं मोठा चमचा तसाच भांड्यात टाकला, लेकराला छातीशी धरलं आणि फाट्यापर्यंत पळत गेली. तिथं सेनगावची जीप भरून उभी होती. ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरच्या दोघांना उतरवलं आणि मध्ये कुठंही न थांबता जीप दवाखान्यात नेली. तीन दिवस ठेवून घेतलं होतं.

"आणि मला सांगितलं नाही?" मी ओरडले. "मी उद्या दुसऱ्यांची लेकरं सांभाळणार, आणि माझ्याच लेकराला झटका आला ते मला माहीत नाही?"

"सांगितलं असतं तर तू पेपर टाकून आली असती का न्हाई?"

"आले असते."

"म्हणून न्हाई सांगितलं."

"ती माझी लेक आहे, माय!"

"तुही हाय म्हणून तर पळाले," माय म्हणाली आणि एकदम खाली बसली. मी तिला तसं कधीच बघितलं नव्हतं. म्हणाली, "रस्त्यानं एकच इचार होता डोक्यात. काय झालं तर तुला तोंड कसं दाखवू."

मी तिच्याजवळ बसले. रडून झाल्यावर मी तिला शिकवलं. ताप चढला की अंगातले कपडे काढायचे, कोमट पाण्यानं अंग पुसायचं. झटका आला तर एका कुशीवर वळवायचं आणि तोंडात काहीच घालायचं नाही, चमचा नाही, कांदा नाही. माय शाळेतल्या पोरीसारखी मांडी घालून ऐकत होती. उशीला लेकरू समजून तिनं तीनदा करून दाखवलं. चार महिन्यांनी पुन्हा झटका आला तेव्हा तिनं सगळं बराबर केलं. आणि दवाखान्यातून पहिला फोन मला केला. "आई, झटका आला व्हता, गेला," असं म्हणाली. तिनं मला आई म्हटलेलं तेवढंच. घाबरल्यामुळे असेल. नंतर आठवण करून दिली तर मान्यच करायची नाही.

शिक्षण संपलं. नांदेडलाच एका दवाखान्यात मला नोकरी लागली, नवराही तिकडं आला. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलगी साडेचार वर्षांची झाली होती. जूनमध्ये तिला नांदेडच्या शाळेत घालायचं ठरलं.

मी न्यायला आले, पण लेक माझ्यासोबत एकटी यायला तयार होईना. मग मायनंच तोड काढली. म्हणाली, मी बी येते म्हणून सांगते. सेनगावच्या स्टँडवर आम्ही तिघी बसमध्ये बसलो. लेक खिडकीशी, मध्ये मी, कडेला माय. बस सुटायच्या बेताला माय म्हणाली, "पाण्याची बाटली घेऊन येते." ती उतरली. कंडक्टरनं दोरी ओढली. खिडकीतून लेकीनं तिला दुकानाच्या आडोशाला उभं असलेलं बघितलं.

ती हिंगोलीपर्यंत रडत होती. नांदेडला पोचेपर्यंत तिचा आवाज बसला होता. तीन दिवस तिनं दूध सोडून कशाला तोंड लावलं नाही. मी बाहेर जायला निघाले की ती माझ्या साडीचं टोक धरायची. माझ्यावर जीव होता म्हणून नाही. मीही पाणी आणायच्या नावानं पळून जाईन याची भीती होती. चौथ्या दिवशी मी तिला घेऊन परत गावी गेले.

माय अंगणात तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं. लेक पळत गेली आणि तिच्यापुढं उभी राहिली, पण बिलगली नाही. म्हणाली, "तू पानी आनाय गेली व्हती ना?"

माय म्हणाली, "व्हय. मी खोटं बोलले." तिनं लेकराचे दोन्ही हात धरून आपल्या गालावर मारून घेतले. मग लेक बिलगली.

जेवणं झाल्यावर माय मला म्हणाली, "फसवून न्हाई न्यायचं. चुकलं माझं. मी येते तुझ्यासंगं. राहते महिनाभर."

"आणि शाळा?"

"तांड्यावरची हाय ना. तिची सून येती मदतीला. मी मोठ्या सराला सांगितलंय."

म्हणजे आम्ही परत येण्याआधीच तिनं ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिनं कधी सलग चार दिवस सुट्टी घेतली नव्हती.

नांदेडच्या त्या दोन खोल्यांत माय महिनाभर राहिली. त्या महिन्यात तिनं जे केलं ते तेव्हा मला नीट कळलंही नाही. पहिला आठवडा लेकराचं सगळं तिनंच केलं. दुसऱ्या आठवड्यात अंघोळीची वेळ झाली की ती म्हणायची, "मह्या गुडघ्याला कळ लागली, तू घाल आज." वेणी घालायची वेळ झाली की, "मला दिसत न्हाई भांग." गुडघेही ठीक होते आणि डोळेही. जेवताना ती मुद्दाम लांब बसायची आणि लेकीनं घास मागितला की म्हणायची, "तुह्या आईच्या ताटातली भाजी चांगली हाय, तिकडं जाय."

तिसऱ्या आठवड्यापासून ती दुपारची घराबाहेर पडायला लागली. कुठं जाते ते सांगूनच जायची. "मी गुरुद्वाऱ्यात चालले, लंगरात पोळ्या लाटाय. चार वाजता येते." पहिल्या दिवशी लेक दारात बसून राहिली. चार वाजता माय आली. दुसऱ्या दिवशीही सांगितल्या वेळेला आली. एकदा रिक्षा मिळाली नाही तर पावसात भिजत, चपला हातात घेऊन धावत आली, पण चारच्या ठोक्याला दारात. मला म्हणाली, "येते म्हटलं की येते, एवढं तिला कळलं पायजे. मंग जाते म्हटलं तरी ती जाऊ दील."

लंगरात तिचं नाव झालं होतं म्हणे. शंभर जणांचं पीठ ती एका दमात मळायची. तिथल्या बायकांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती, तरी रोज काहीतरी हसण्यासारखं घेऊन यायची.

शेवटच्या आदल्या दिवशी तिनं लेकीला समोर बसवलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"उद्या मी गावाला चालले."

"कवा येशील?"

"दिवाळीला तूच येशील. आईसंगं."

"काहून चालली?"

"शाळेतली लेकरं वाट बघून राहिले ना."

लेक विचार करत बसली. मग तिनं एकेकाचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. हा वाट बघतो का, ती वाट बघते का. माय प्रत्येकाला "व्हय, तो बी" म्हणत गेली. नावं संपली. लेक उठली, कोपऱ्यातली मायची पिशवी ओढत आणली आणि तिच्यापुढं ठेवली. "मंग जाय. खिचडीला उशीर व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायला स्टँडवर सोडलं. लेकीनं माझा हात धरला होता. बस हलली तशी तिनं हात हलवला, मायनंही हलवला. मायच्या चेहऱ्यावर हसू होतं. घरी येताना लेक म्हणाली, मला भूक लागली.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. प्रत्येक सुट्टीला लेक गावी जायची. चौथीत असताना ती मायला सही शिकवायच्या मागं लागली. मायनं आठवडाभर पाटी गिरवली आणि म्हणाली, "अंगठा काय वाईट हाय? तो तरी दुसऱ्या कुणाचा दिसत न्हाई." पुढं गुडघे खरोखर दुखायला लागले आणि तिला शाळेचं काम सोडावं लागलं. मोठे सर बदलून गेले होते. नव्या सरांनी तिला साडी दिली, लेकरांनी टाळ्या वाजवल्या. सगळं उरकल्यावर माय नेहमीसारखी शेडमध्ये गेली आणि भांडी घासून ठेवूनच घरी आली.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आधी आम्ही तिला नांदेडला आणलं. माझ्याच दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं. शुद्धीवर आल्यापासून ती एकच शब्द म्हणत होती. सगळ्यांना वाटायचं पाणी मागते. माझी लेक बारावीचा पेपर देऊन आली, कान तोंडाशी नेला आणि म्हणाली, "पाणी नाही. घरी म्हणते."

घरी नेलं. मी नोकरी सोडून राहू शकत नव्हते. मी सुट्ट्यांचा हिशेब मांडत बसले होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "मी जाते. निकाल लागून कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे." तिचे बाबा म्हणाले, तुला जमेल का? ती नुसतीच हसली. हसली की ती मायसारखीच दिसते.

ती साडेचार महिने तिथं राहिली. मी दर शनिवारी जायचे. मायला उचलून बसवणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, हे मी शिकवलं आणि तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं. पहिल्यांदा अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा माय लाजली. डाव्या हातानं साडी घट्ट धरून ठेवली. लेक पाण्यात हात घालून बसून राहिली. मग म्हणाली, "याडी, पाणी निवून राहिलं." मायनं साडी सोडली. दादा बाहेर ओट्यावर होते. त्यांनी ते ऐकलं आणि अंगणातल्या चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या.

तिचं बोलणं आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं, लेकीला सगळं कळायचं. दोघी तासन् तास बोलायच्या. कशावर, ते मी विचारलं नाही. एकदा मला राहवलं नाही. मायला म्हटलं, "माय, मी तुझ्यावर लेकरू टाकून गेले. तुला राग नाही आला कधी?"

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. लेकीनं मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर मायनं डाव्या हातानं तिला थांबवलं. स्वतःच बोलली, एकेक शब्द तोडत. "टाकून... न्हाई. ठिवून."

जुलैच्या एका सकाळी मी ड्युटीवर असताना लेकीचा फोन आला. आवाज शांत होता. "आई, याडी गेली. चहा पाजला, तोंड पुसलं, आणि गेली. मी नाडी बघितली. तू ये, पण बसमध्ये उभी राहू नको, जागा मिळेल त्याच बसनं ये." मी वॉर्डमधल्या खुर्चीवर बसले. सोबतच्या सिस्टरनं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला.

तेराव्याला अंगणात जागा पुरली नाही. पोषण आहार खाऊन मोठी झालेली लेकरं आली होती. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी दोन लेकरांची आई. तो जीपवाला आला होता, केस पांढरे झालेले. तांड्यावरची मावशी सकाळपासून माझ्यापाशी बसून होती. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "एक सांगू का बाई? तुही माय सांगू नको म्हणली व्हती. आता सांगते. नांदेडहून परत आली ना ती, त्या दिवशी सेनगावला उतरलीच न्हाई. बसमधी नांदेडपासून रडत व्हती. स्टँड आला, गेला, तिला कळलं न्हाई. कंडक्टरनं पुढच्या गावाला उतरवलं. तिथून चालत आली, तीन-चार कोस. मह्या दारात आली, पानी पेली आन् म्हणली, लेकरू राहिलं तिच्या आईपाशी. जमलं मला."

मी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. लेक लांबून बघत होती. ती आली आणि आमच्या दोघींच्या मध्ये बसली.

लेक आता लातूरला शिकते. दादांना मी नांदेडला बोलावलं, ते आले नाहीत. म्हणाले, शेत कोण बघणार. त्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता, माय द्यायची आणि ते प्यायचे. आता स्वतः करतात. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. पूर्वी माय फोन लावून त्यांच्या कानाला धरायची आणि ते "बरं हाय" म्हणून परत द्यायचे. आता आठ-आठ मिनिटं बोलतात. तुरीला फुलं आली, शेजारची म्हैस व्याली, पाऊस उघडला. परवा म्हणाले, "आज चहात साखर लई पडली. पण टाकून न्हाई दिला, पेलो." मी विचारलं, नातीला फोन केला का? म्हणाले, "तिलाच आधी केला. ती म्हणली, दीड चमचा टाकत जा. उद्या टाकून बघतो."